झूल पाहावी की दात?

पोळ्याच्या दिवशी आमच्या वऱ्हाडात घरचा बैलही ओळखू येत नाही. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळ. पण तसाच बैल विकत घ्यायला शेतकरी बाजारात गेला, की झुलीकडे ढुंकूनही पाहत नाही. तोंड उघडून दात मोजतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. संगणकाच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. पडदा पाहतो, रंग पाहतो, चित्रे पाहतो आणि म्हणतो, ‘हा चांगला.’

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे संगणक शिकवला. जोडीला लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल यांच्या अक्षरजुळणीचे काम केले. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, ‘सर, विंडोज चांगले की लिनक्स?’ आता त्याची जागा ‘अँड्रॉइड की आयफोन?’ या प्रश्नाने घेतली आहे. हा वाद परदेशातल्या प्रयोगशाळांचा वाटतो खरा. पण त्याचे परिणाम आपल्या रेल्वेच्या तिकिटावर, आपल्याकडच्या वीजकपातीतल्या कामावर आणि ‘वऱ्हाड’ या शब्दाच्या छपाईवरही झाले आहेत. म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. तिचे दोन भाग समजा. एक चेहरा: खिडक्या, चित्रे, बाण, बटणे, जे आपल्याला दिसते ते. दुसरा गाभा, जो कधीच दिसत नाही. गाभ्याची मुख्य कामे तीन. यंत्रावर एका वेळी दहा प्रोग्राम चालू असतील तर प्रत्येकाला आळीपाळीने वेळ द्यायचा, हे पहिले. एका प्रोग्रामचे ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरू द्यायचे नाही, म्हणजे मेमरीतले धुरे राखायचे, हे दुसरे. आणि डिस्कवर काय कुठे ठेवले याची नोंदवही नीट ठेवायची, हे तिसरे. चेहरा कितीही देखणा असला तरी ही तीन कामे तो करत नाही. आणि ही तिन्ही कामे उत्तम करणाऱ्या गाभ्याला कधी कधी चेहराच नसतो.

अशा बिनचेहऱ्याच्या प्रणालीशी आपली ओळख फार जुनी आहे. आमच्या गावाला रेल्वे नाही. आरक्षण करायचे म्हणजे बडनेऱ्याला किंवा चांदूर रेल्वेला जायचे. खिडकीपलीकडच्या बाबूच्या पुढ्यात काळा पडदा, त्यावर फिकट अक्षरे, ना चित्र ना रंग. बाबू खटाखट सांकेतिक अक्षरे मारी आणि तिकीट बाहेर पडे. त्या पडद्यामागे व्हीएमएस नावाची प्रणाली होती. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीने ती आपल्या व्हॅक्स यंत्रांसाठी १९७७ मध्ये जाहीर केली आणि तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एकाचे नाव होते डेव्हिड कटलर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

रेल्वेने १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केले ते व्हॅक्सवर. त्याआधी मोठमोठ्या खातेवह्या होत्या, स्टेशनागणिक कोटे होते आणि परतीच्या तिकिटासाठी तारा पाठवाव्या लागत. पुढे रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी आज्ञावली तयार केली. १९९४ मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून बडनेऱ्याला बसून चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले.

आता गाभ्याची खरी परीक्षा पाहा. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एकच बर्थ उरला आहे. बडनेऱ्याच्या आणि दादरच्या बाबूंनी एकाच क्षणी तो मागितला. दोघांनाही ‘आहे’ असे उत्तर गेले तर रात्री डब्यात मारामारी. म्हणून ज्याची मागणी क्षणभर आधी पोचली, त्याच्यासाठी त्या नोंदीला कुलूप लागते, दुसरा थांबतो, आणि पहिल्याचे काम पुरे झाल्यावरच कुलूप उघडते. हे कुलूप एका यंत्रापुरते असून भागत नाही. शेजारच्या यंत्रांनाही ते ठाऊक असावे लागते. व्हीएमएसची खासियत हीच होती. अनेक यंत्रे मिळून एक यंत्र असल्यासारखी चालत, कुलपांचा हिशेब सर्वांचा मिळून एकच असे, आणि एखादे यंत्र बंद पडले तर उरलेली त्याचे काम उचलत. ऑगस्ट २००२ मध्ये घरबसल्या इंटरनेटवर रेल्वेचे तिकीट मिळू लागले तेव्हा चेहरा नवा आला, पण बर्थ द्यायचा की नाही हे ठरवणारी यंत्रणा मागची तीच राहिली. तिकिटाच्या रांगेत उभे राहून आपण बाबूवर, रेल्वेवर, दलालांवर पुष्कळ चिडलो असू. पण एकच बर्थ दोघांना विकला गेला अशी ओरड क्वचितच ऐकली असेल.

गाभा मजबूत आणि चेहरा रूक्ष असे दुसरे उदाहरण युनिक्सचे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती लिहायला घेतली. तिच्या आज्ञा दोन-दोन अक्षरी: ‘सीपी’ म्हणजे नक्कल करा, ‘एमव्ही’ म्हणजे हलवा, ‘आरएम’ म्हणजे पुसून टाका. आणि ‘आरएम’ म्हटले की ती ‘खरेच पुसू का?’ असेही विचारत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या बँकांच्या शाखांत जी यंत्रे आली, त्यांतल्या कित्येकांवर युनिक्स किंवा तिचीच भावंडे होती. संगणक म्हणजे बँकेतला तो काळा पडदा, अशी त्या पिढीची समजूत होती.

याच्या अगदी उलट टोकाला ॲपलचा मॅकिंटॉश. जानेवारी १९८४ मध्ये तो आला तेव्हा माऊस, खिडक्या आणि चित्रे सामान्य गिऱ्हाइकाच्या टेबलावर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पोचली. मूळ कल्पना झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतली, १९७३ च्या ‘आल्टो’ या यंत्रातली. पण तिला घाट दिला ॲपलने. छपाई आणि जाहिरातीच्या धंद्यातली मंडळी या यंत्रावर जीव टाकत. गाभा मात्र कच्चा. प्रत्येक प्रोग्रामने आपले काम थोडे करून आपणहून दुसऱ्याला वाट द्यावी, अशी त्याची व्यवस्था. विहिरीवर भावाभावांत पाण्याची पाळी असते तशी: थोरल्याने आपणहून मोटार बंद केली तर धाकट्याला पाणी. एखादा प्रोग्राम अडून बसला की सगळे यंत्र गोठे. गाभ्याच्या हातात पाटकऱ्यासारखा अधिकार हवा, वेळ संपली की दार खाली. तो मॅककडे नव्हता. ॲपलने नवा गाभा घडवण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांची ‘नेक्स्ट’ ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. तिच्या प्रणालीत युनिक्स कुळातला गाभा होता. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनमध्ये तोच बसवला गेला. देखणा चेहरा आणि युनिक्सचा कणा, असा हा जोडा जमायला १७ वर्षे लागली.

आमच्याकडे अर्थात मॅक फारसा कोणी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे विंडोज. आणि विंडोजची गोष्ट अधिक गमतीची आहे, कारण एकाच चेहऱ्याखाली दोन वेगवेगळे गाभे बरीच वर्षे विकले गेले.

१९९५ चे विंडोज, मग १९९८ चे, ही सगळी जुन्या डॉसच्या पायावर उभी होती. प्रोग्रामांमधले धुरे अर्धवट. एकाची चूक दुसऱ्याला भोवे, निळा पडदा येई आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागे. त्याच वेळी मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या दालनात वेगळेच काम चालले होते. १९८८ मध्ये कंपनीने डेव्हिड कटलर यांना बोलावून घेतले होते. होय, तेच रेल्वेच्या व्हीएमएसवाले. त्यांनी नवा गाभा मुळापासून लिहिला. १९९३ मध्ये तो विंडोज एनटी म्हणून बाहेर आला आणि १९९६ च्या आवृत्तीत त्याला विंडोज ९५ चाच चेहरा चढवला गेला. तोच स्टार्ट, तीच पट्टी, तीच कचरापेटी. शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळू नये. पण दात वेगळे, खांदा वेगळा. घरगुती गिऱ्हाइकापर्यंत हा गाभा पोचला तो ऑक्टोबर २००१ मध्ये, एक्सपीच्या रूपाने.

आमच्या गावात एक्सपी आले तेव्हा लोक कशावर खूश झाले? पडद्यावरच्या हिरव्या टेकडीवर आणि निळ्या आभाळावर! ‘सर, ते टेकडीवालं टाकून द्या.’ त्या टेकडीखाली बडनेऱ्याच्या खिडकीमागच्या प्रणालीचे विचार होते, हे कोणाच्या गावीही नव्हते. २००१ नंतर एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला आणि हजारो मुलांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला. त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या काळातल्या एकूण शिक्षणात चेहऱ्याचे धडे भरपूर होते, गाभ्याचे नावापुरते. कुठल्या बटणाखाली काय आहे ते मुलांना पाठ असे. फाईल जतन केली म्हणजे नेमके काय झाले, हे विचारले की वर्ग शांत.

फरक कळला तो वीजकपातीने. २००५ च्या आगेमागे आमच्याकडे वीज दिवसातून तासन् तास जायची हे श्रोत्यांना सांगायला नकोच. यूपीएसची बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची, तीही नवी असताना. विंडोज ९८ च्या यंत्राची वीज अचानक गेली, की परत सुरू होताना ते पडद्यावर डिस्कची तपासणी मांडून बसे. मुले ताटकळत, आणि कधी कधी तपासणीनंतर फाईल हाती येई ती तुटकी.

असे का होई, हे दुकानदाराच्या वह्यांवरून चटकन समजते. जुन्या व्यवस्थेत फक्त खतावणी होती. एक फाईल लिहायची म्हणजे खतावणीत दोन-तीन ठिकाणी नोंदी करायच्या. एक नोंद झाली आणि दुसरीच्या आधी वीज गेली, की हिशेब जुळेना. नव्या गाभ्याबरोबर जी एनटीएफएस नावाची नोंदपद्धत होती, तिच्यात खतावणीच्या आधी रोजकीर्द आली. ‘आता मी अमुक अमुक बदल करणार आहे’ हे प्रथम रोजकीर्दीत लिहायचे आणि मग खतावणीला हात लावायचा. वीज परत आली की रोजकीर्द वाचायची. अर्धे राहिलेले काम पुरे करायचे किंवा पुरतेच रद्द करायचे. यातून खतावणी सलामत राही. जो मजकूर जतनच केला नव्हता तो जायचाच, त्याला इलाज नव्हता. लिनक्समध्येही हीच रोजकीर्दीची पद्धत २००१ पासून सर्रास वापरात आली. गंमत अशी, की एक्सपी बसवताना ‘कोणती नोंदपद्धत हवी?’ हा प्रश्न एकदाच विचारला जाई, तोही सुरुवातीच्या रूक्ष निळ्या पडद्यावर, जिथे माऊससुद्धा चालत नसे. टेकडी दिसायला लागेपर्यंत महत्त्वाचे उत्तर देऊन झालेले असे.

लिनक्सचे नाव निघालेच आहे, तर तिची जन्मकथा थोडक्यात. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर आपला गाभा लिहिला. जानेवारी १९९२ मध्ये ॲन्ड्रू टॅनेनबाम या नामवंत प्राध्यापकांनी त्यावर जाहीर टीका केली. ही रचना कालबाह्य आहे, असा तिचा रोख होता. त्यांच्या मते गाभा लहानसा असावा आणि बाकीची कामे त्याच्या बाहेर सुटी सुटी चालावीत. लिनक्समध्ये सगळे एकाच मोठ्या गाठोड्यात बांधले होते. शास्त्र म्हणून त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण गाठोडे चालले. त्यावर काम करणारे हात वाढत गेले, चुका सापडत आणि दुरुस्त होत गेल्या. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूणएक संगणक लिनक्सवर चालतो. तेव्हा दात पाहणाऱ्यांनीही फार मिजास करू नये. कागदावरची रचना पाहून बैलाची चाल सांगता येत नाही.

आता आपल्या मराठीकडे वळतो, कारण गाभा आणि चेहरा यांतला फरक मराठी माणसाला जेवढा महागात पडला तेवढा इंग्रजीवाल्यांना कधीच पडला नाही.

संगणकाच्या पोटात अक्षर नसते, आकडा असतो. अमुक आकडा म्हणजे ‘क’, असे एकदा सर्वांनी मिळून ठरवले, तर मजकूर कुठल्याही यंत्रावर वाचता येतो. आपल्याकडे हे शहाणपण लवकर सुचले होते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि जिस्टचे काम तिथे आले. या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ च्या ‘परम’ महासंगणकामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. मला स्वतःला त्याच संस्थेचे जिस्ट कार्ड अधिक मोलाचे वाटते. हे कार्ड डॉसच्या यंत्रात खोचले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामात मराठी उमटे. प्रोग्रामला पत्ताही नसे. अक्षरांचे आकडे भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने प्रमाणित केले. मराठी त्या वेळी गाभ्याच्या जवळ पोचली होती.

मग विंडोज आले आणि सगळे चेहऱ्यावर गेले. विंडोजच्या गाभ्याला तेव्हा देवनागरी ठाऊक नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी सोपी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे वेलांटी. पडद्यावर सुंदर मराठी, आणि फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक कंपनीची खिचडी वेगळी. छापून घ्यायचे असेल तोवर काही बिघडत नव्हते. पत्रिका छापली, लग्न लागले, विषय संपला. पण ज्यांना मजकूर टिकवायचा होता त्यांचे हाल झाले. आमच्या तालुक्यातल्या एका वृद्ध शिक्षकांनी वऱ्हाडी म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या गोळा करून बाहेर एका ठिकाणी टाइप करून घेतल्या होत्या. काही वर्षांनी ती फ्लॉपी घेऊन ते माझ्याकडे आले. फॉन्ट पुरवणारी कंपनी कोणती होती ते त्यांना आठवेना, टाइप करणारा गाव सोडून गेलेला. फाईल उघडली तर पानोपानी उलटीसुलटी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम. त्यांच्या हस्ताक्षरातली वही घरात होती म्हणून निभावले. सगळे पुन्हा टाइप केले. ज्यांनी वही रद्दीत दिली असेल त्यांचे काय?

खिचडीची आणखी एक गंमत. ‘दिवस’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण म्हणताना ‘द’ आधी म्हणतो. फॉन्टवाल्या मजकुरात वेलांटी आधीच साठवलेली असे, टाइपरायटरसारखी. त्यामुळे नावे अकारविल्हे लावा म्हटले, की ‘दिलीप’, ‘निखिल’, ‘विलास’ सगळे वेलांटीच्या घरात एकत्र जाऊन बसत. इस्कीने आणि तिच्याच वळणाने देवनागरी मांडणाऱ्या युनिकोडने हे तोडले. साठवायचे उच्चाराप्रमाणे, दाखवायचे लेखनाप्रमाणे. साठवणे हे गाभ्याचे काम, दाखवणे चेहऱ्याचे. एवढी साधी वाटणी. पण ती विंडोजच्या पोटात शिरायला २००० साल उजाडले. त्या वर्षीच्या विंडोज २००० मध्ये देवनागरी प्रथमच गाभ्यापासून आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो घडवला प्रा. र. कृ. जोशी यांनी, मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत. एक्सपीमध्येही सोय होती, पण झाकलेली. सीडी घालून ती उघडावी लागे. कित्येक कार्यालयांत यंत्रे वर्षानुवर्षे तशीच चालली, आणि लोक म्हणत, ‘संगणकात मराठी नाही.’ मराठी पोटात होती, कोणी दार उघडले नव्हते.

एनसीएसटीनेच ‘इंडिक्स’ नावाच्या प्रकल्पात लिनक्सच्या चित्रव्यवस्थेत खोलवर भारतीय लिप्या बसवायचा प्रयत्न केला. एकदा तिथे बसवल्या की वरच्या प्रत्येक प्रोग्रामला आपोआप मिळाव्यात, हा हेतू. पुढे २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली आणली. मी ती बसवून पाहिली. मराठी गाभ्यापर्यंत होती, मेन्यूही मराठीत. आणि वर्गातल्या मुलांना ती आवडली नाही! कारण विचारले तर म्हणाले, ‘सर, सगळं मराठीत आहे, सापडतच नाही काही.’ ‘जतन करा’ म्हणजे सेव्ह, हे त्यांना भाषांतर करून घ्यावे लागे. आमच्याकडे बोलताना तर ‘सेव्ह मार’ म्हणतात. खरे तर या शब्दांत काही वाईट नव्हते. पण हात एका चेहऱ्याला सरावले की दुसरा परका वाटतो. शिवाय लिनक्स फुकट मिळते, हा युक्तिवाद आमच्याकडे कधी चाललाच नाही. बाजारात विंडोजची चोरटी सीडी जवळपास फुकटच मिळत असे.

इथे चेहऱ्याची बाजू मांडलीच पाहिजे. नुसता गाभा उत्तम असून माणूस जवळ येत नाही. इन्स्क्रिप्ट हा १९८६ चा सरकारी कळफलक घ्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. याहून तर्कशुद्ध काही सापडणार नाही. पण टाइपरायटरवर बोटे घासलेल्या माणसाला ती मांडणी नवी होती, आणि नव्या पोराला इंग्रजीतून ‘एएमएमए’ मारून ‘अम्मा’ उमटवणे सोपे वाटले. मराठी घरोघरी पोचवली ती शेवटी फोनने. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ चा. त्याच्या तळाशी लिनक्सचाच गाभा. सुरुवातीच्या त्या फोनांवर देवनागरीची जोडाक्षरे सुटी सुटी पडत, वेलांट्या भलतीकडे जात. मग तेही सुधारले. आज वावरात बसून कपाशीचा भाव बोलून विचारणारा माणूस लिनक्स वापरतो आहे, हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ज्या प्रणालीला माझ्या वर्गात वीस मुले लाभली नाहीत, ती आज प्रत्येकाच्या खिशात आहे, चेहरा बदलून.

एक दुखणे मात्र अजून गेलेले नाही, आणि ते आपल्याच नावातले आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दात एक अर्धा र आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा फरक त्या अर्ध्या र मुळे. खिळ्यांच्या छपाईत त्याच्यासाठी खिळा असे. संगणक आला आणि तो हरवला. हिंदीला तो लागत नाही, म्हणून पुष्कळ फॉन्ट बनवणाऱ्यांच्या लक्षातच आला नाही. मग लोकांनी चेहऱ्यावर तोडगा काढला: र ऐवजी मध्ये एक आडवी रेघ, ‘व-हाड’. बडनेऱ्याचे ‘बडने-याला’. वर्तमानपत्रांत, पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर ही रेघ आजही दिसते. दुरून वाचताना चालते. पण गाभ्याच्या दृष्टीने ते अक्षरच नाही, वजाबाकीची खूण आहे.

युनिकोडमध्ये अर्धा र आला, तो दोन वाटांनी. ‘ऱ’ हे अक्षर मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला कठोर र लिहिण्यासाठी ठेवलेले. त्याला हलंत देऊन पुढे ‘ह’ लिहिला की ‘ऱ्ह’ होतो. दुसरी वाट जुनी: साधा र, हलंत, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. कागदावरही सारखे. आत मात्र वेगळे आकडे.

गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या, लाभार्थ्यांच्या, सभासदांच्या याद्या करून देताना मला हे वारंवार भेटते. वऱ्हाडे हे आडनाव आपल्याकडे काही कमी नाही. यादीत डोळ्यांनी मोजले तर पाच वऱ्हाडे दिसतात. शोधा म्हटले तर संगणक तीनच दाखवतो. उरलेले दोघे दुसऱ्या कोणी दुसऱ्या कळफलकावर टाइप केलेले असतात. यादी जोडताना, नाव पडताळताना, एकाच माणसाची दोन खाती होताना हा घोळ पुढे सरकत जातो. यावर माझा उपाय साधा आहे. हाती आलेल्या प्रत्येक यादीत आधी ते न दिसणारे जोडचिन्ह शोधून काढायचे आणि अर्धा र सगळीकडे एकाच वाटेने लिहायचा. इन्स्क्रिप्टवर तो सोपा आहे: शिफ्ट दाबून र ची कळ, मग हलंत, मग ह. माझ्याकडे टाइप करायला शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मी ‘वऱ्हाड’ हाच शब्द घालतो, आणि पडदा न पाहता कोणत्या कळा दाबल्या ते तोंडाने सांगायला लावतो.